घंटी वाजली की पाठ फिरवा

सायकल चालवता येणं आणि सायकलवर चढता येणं या दोन वेगळ्या विद्या आहेत. पहिली मला येत होती. दुसरी येत नव्हती, आणि ही गोष्ट मी सासरी कुणालाच सांगितली नव्हती. नवऱ्यालासुद्धा नाही.

माझं माहेर ईट गावचं. तिथं मारुतीच्या पाराला टेकून धाकट्या चुलत्यांची सायकल उभी असायची आणि मी पारावर चढून तिच्यावर बसायची. चुलते म्हणायचे, "आधी तोल सांभाळाय शिक, चढायचं मागनं दावतो." मागनं माझं लग्नच झालं. त्यामुळं जन्मभर पुरेल एवढा तोल घेऊन मी सासरी आले, चढणं तेवढं माहेरी राहिलं. उतरता यायचं. म्हणजे सायकल एका अंगाला कलती करायची, एक पाय टेकवायचा आणि दुसरा दांडीवरून ओढून घ्यायचा. त्याला उतरणं म्हणायचं की थोडक्यात वाचणं, ते बघणाऱ्यानं ठरवावं. चढायला मात्र उंचवटा लागायचा. पार, ओटा, मोठा दगड, काहीही चालायचं. माझी उंची बेताची आणि सायकल बावीस इंची, पुरुषी, मधे दांडी असलेली. नऊवारीचा काष्टा घट्ट मारला की बसायला काही अडचण नव्हती. अडचण फक्त बसेपर्यंतची.

पोलीस अ‍ॅक्शन होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. निजामाच्या राज्यात आमच्याकडं शाळा म्हणजे उर्दू, तीही मोठ्या गावात. आता खेडोपाडी मराठी शाळा निघत होत्या. मास्तर मिळत होते, बाया मिळत नव्हत्या. मी सातवी पास. सातवी पास सून म्हणजे त्या काळात घरात रेडिओ असल्यासारखं होतं. लोक मुद्दाम बघायला यायचे आणि ती जास्त बोलली तर बंद करायला सांगायचे.

आमचं गाव येडशीच्या रानाला चिकटून. रानाच्या पलीकडं एक गाव होतं, तिथल्या शाळेत मुलींचा वर्ग काढायचा होता. तिथले हेडमास्तर एका शनिवारी आमच्या ओसरीवर येऊन बसले आणि मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना म्हणाले, "मुलींच्या आईबापांना मी कसंतरी तयार केलंय. पण ते म्हणतात, बाई डोळ्यानं बघू, मगच पोरी ठेवू. सोमवारी प्रार्थनेला सगळे येणार आहेत. तेव्हा बाई समोर पाहिजे. नाही दिसली तर पोरी घेऊन जातील. मग वर्गच नाही, तर बाई कशाला?"

मामंजींनी पानाचा विडा एका गालातून दुसऱ्या गालात घेतला. "बैलगाडीनं धाडू."

आतून, दाराआडून, मी म्हणाले, "सायकलवर जाईन."

सासऱ्यांशी सूनबाईनं बोलायचं नाही अशी रीत होती. म्हणून मी ते दाराला म्हणाले. दारानं ते मामंजींना सांगितलं.

"रानातून?"

"अर्ध्या तासात पोचेन," मी दाराला म्हणाले.

हे 'अर्ध्या तासात' मी कुठून काढलं, ते आजपर्यंत मला कळलेलं नाही. त्या वाटेनं मी तोवर एकदाही गेले नव्हते. पण त्या वयात मी असं बोलायची. विचारल्याशिवाय बोलायची, आणि बोलल्यावर विचार करायची.

मामंजींनी उठून विड्याची पिंक टाकली. मग हेडमास्तरांकडं बघून, पण मला ऐकू जाईल असं म्हणाले, "जाऊ द्या. सोमवारी टायमाला पोचली तर रोज जाईल. न्हाय पोचली तर सायकल माळ्यावर, आन् ती चुलीपुढं. मंग मला कुणी इचारायचं न्हाय."

रविवारी माझे यजमान घरी होते. ते धाराशिवला कचेरीत कारकून होते, आठवड्यानं यायचे. सायकल त्यांचीच होती, पण धाराशिवला त्यांना ती लागायची नाही. ते मला वाट दाखवायला रानात घेऊन गेले. वाट तशी गुणी होती. गावाच्या शिवेवर रानात शिरायची, थोडं सपाटीनं जाऊन ओढ्याकडं उतरायची, ओढा ओलांडला की हलकी चढण, आणि शेवटी छोट्या आगगाडीच्या रुळाला लागून झाडीतून बाहेर. दिवाळी नुकतीच झाली होती. गवत पिवळं पडायला लागलेलं, धावड्याची पानं तांबूस, सीताफळाच्या झुडपांनी दोन्ही बाजूंनी गर्दी केलेली. यजमान खुशीत होते. ते मला मोर दाखवत होते, मी दगड बघत होते.

"ते बघ, केवढा मोर!"

"हं," मी म्हणायची, आणि बघायची की मोर ज्याच्यावर बसलाय तो दगड सायकल लावण्याजोगा आहे का.

अख्ख्या वाटेवर माझ्या उपयोगाचे दोनच दगड निघाले. एक ओढ्याकाठचा चपटा खडक आणि दुसरा रुळालगतचा बुटका दगडी खांब. बाकी सगळं बारीक-सारीक. बालाघाटाच्या डोंगरात दगडाचा दुष्काळ! हसावं की रडावं कळेना. पण मी मनाची समजूत घातली: आपल्याला उतरायचंच नाही, तर चढायचा प्रश्न कुठं येतो? घरच्या ओट्यावरून बसायचं ते शाळेच्या दारात उतरायचं.

सोमवारी सकाळी सासूबाईंनी हातावर दही दिलं. मी ओट्यावरून सायकलवर बसले. कॅरेजवर पिशवी: भाकरी, शेंगदाण्याची चटणी, खडू. मामंजी पहाटेच कुठंतरी निघून गेले होते. मला बरंच वाटलं. ते समोर असते तर मला त्यांच्यादेखत बसता आलं नसतं.

हे जरा सांगायला पाहिजे. आमच्याकडं सुनेनं वडीलधाऱ्यांच्या समोर वाहनात बसून राहायचं नाही. बैलगाडी चावडीपुढून निघाली की गाडीतली सून खाली उतरायची, पायातल्या वहाणा हातात घ्यायची, पदर पुढं ओढायची आणि चावडी मागं पडेपर्यंत गाडीमागून चालायची. सासरच्या गावातला कुणीही थोर माणूस वाटेत भेटला तरी तेच. ही रीत बैलगाडीसाठी केलेली. बैल थांबतात, गाडी थांबते, सून उतरते, चढते, कुणाचं काही बिघडत नाही. सायकलीचा विचार कुणी केला नव्हता. मीही केला नव्हता. मी धरून चालले होते की रानात कोण भेटणार, वानरं?

वानरं भेटलीच. सालईच्या झाडावर ओळीनं बसून माझ्याकडं बघत होती. त्यांच्यापुढं उतरावं लागत नव्हतं. सकाळचं ऊन झाडांतून तिरपं येत होतं, चाकाखाली पाला चुरचुरत होता, आणि मी स्वतःला काय समजत होते ते आता लिहायलासुद्धा लाज वाटते. मनातल्या मनात मी त्या मुलींना म्हणत होते, 'मुलींनो, मीही तुमच्यासारखीच होते.' चार वळणंसुद्धा झाली नव्हती, आणि मी भाषणापर्यंत पोचले होते.

पाचव्या वळणावर चुलतसासरे उभे.

वाटेच्या मधोमध. हातात काठी. शेळ्या नाहीत, कुऱ्हाड नाही, सरपणाची मोळी नाही. नुसते उभे.

मी उतरले. कसं उतरले ते विचारू नका. सायकल झुडपात, एक वहाण इकडं, एक तिकडं. पदर ओढला, वहाणा हातात घेतल्या आणि बाजूला उभी राहिले.

"पडलीस का गं?" ते म्हणाले.

मी मान हलवली. नाही.

"मंग उतरलीस कशाला? जा की."

मी जागची हलले नाही. ते पुढं गेल्याशिवाय मला जाता येत नव्हतं, आणि बसायचं तर त्यांच्यादेखत मुळीच नाही. मी वाट बघत राहिले. तेही वाट बघत राहिले.

"जा, जा. तुला उशीर होईल."

"तुम्ही व्हा पुढं," मी पदरात पुटपुटले.

"म्या कुठं पुढं होऊ? म्या हितंच हाय."

इथंच म्हणजे कुठं? रानाच्या मधोमध? कशासाठी? पण विचारायची सोय नव्हती. शेवटी मीच सायकल ढकलत चालू लागले, अनवाणी. वाळकं कुसळ तळव्यात शिरत होतं. मागून आवाज आला, "अगं, बस की सायकलीवर! ढकलत का चाललीस? पंचर हाय का?"

वळणाआड गेल्यावर मी सायकल उभी करून उंचवटा शोधला. एक वारूळ दिसलं. चांगलं कमरेएवढं, वरून सपाट. एक पाय ठेवला, तो गुडघ्यापर्यंत आत. वारुळात कोण राहतं ते आठवलं आणि मी किंचाळले. मागून लगेच, "पडलीस का गं?"

"नाही!"

पुढं तोडलेल्या धावड्याचं खोड सापडलं. त्याच्यावर उभं राहून बसले. खोड डुगडुगत होतं, मी डुगडुगत होते, पण सायकल निघाली. मी मनाशी म्हटलं, झालं ते झालं. आता जोरात.

ओढ्याकडं उतार सुरू झाला, सायकल आपली आपण पळायला लागली, आणि उताराच्या तोंडाशी सीताफळाच्या झुडपापाशी थोरल्या चुलतसासूबाई. हातात टोपली.

हे उतरणं पहिल्यापेक्षा वाईट झालं, कारण सायकल थांबायला तयार नव्हती. ती सासूबाईंच्या पुढं दोन झुडपं जाऊन थांबली. मी मागं चालत आले, वाकून नमस्कार केला.

"अगं बाई, केवढ्यानं आलीस!" त्या म्हणाल्या. "म्या म्हनलं डुक्करच सुटलं."

"उशीर होतोय, आत्याबाई."

"व्हतोय ना? मंग हे घे." त्यांनी माझ्या पिशवीत सीताफळं टाकायला सुरुवात केली. "आन् येक खा. मोकळ्या पोटानं जाऊ न्हाय."

"भाकरी खाऊन निघालेय."

"भाकरी ती भाकरी. खा."

सीताफळ हे घाईत खायचं फळ नव्हे. प्रत्येक गरात बी, प्रत्येक बी थुंकायची, आणि सासूपुढं थुंकायचं म्हणजे पाठ करून, पदराआड, हळूच. मी बिया गालात साठवत गेले. त्या बोलत होत्या. माझ्या माहेरची चौकशी झाली. ईटला यंदा ज्वारी कशी आहे ते त्यांना हवं होतं. मी गालात बिया धरून ज्वारीविषयी सांगितलं. लांबून कुठून तरी कोतवालाची दवंडी ऐकू यावी तसा माझ्या कानात हेडमास्तरांचा आवाज घुमत होता: मग बाई कशाला, मग बाई कशाला.

"आत्याबाई, जाऊ?"

"जा की. म्या कुठं धरलंय?"

पण त्याही तिथून हलेनात. टोपलीत आणखी एक सीताफळ नव्हतं, झुडपावरही नव्हतं, हंगाम सरत आला होता, तरी उभ्या. मी पुन्हा ढकलत निघाले. पिशवी आता जड झाली होती, कॅरेज एका बाजूला ओढत होतं. ओढ्याचा खडक जवळ होता. त्या खडकाच्या भरवशावर मी रडले नाही.

खडकावर गुरवकाका बसले होते.

रामलिंगाच्या देवळात बेल वाहायला ते अधूनमधून जायचे, हे मला माहीत होतं. पण बेल त्यांच्याजवळ नव्हता. ते पाय पाण्यात सोडून, बरोबर माझ्या खडकावर, बरोबर मधोमध बसले होते. नात्यानं नाही, पण मानानं गावातले सगळ्यांत थोर. त्यांना 'उठा' म्हणणं म्हणजे देवाला 'सरका' म्हणण्यासारखं.

मी वहाणा काढून उभी राहिले. त्यांनी माझ्याकडं, सायकलीकडं, पिशवीकडं सावकाश बघितलं.

"सीताफळं दिली का थोरलीनं?"

मी मान हलवली.

"मला न्हाय दिली," ते म्हणाले आणि पुन्हा पाण्यात बघायला लागले.

मी सायकल उचलून ओढा ओलांडला. पाणी घोट्यापर्यंतच होतं, पण गोटे शेवाळलेले. पलीकडं पोचले, वळून बघितलं, तेव्हा काका उठले होते आणि धोतर झाडत होते.

"चला," ते म्हणाले, "सुटलो म्या. तुझा मामंजी म्हनला व्हता, पोरगी वढ्यात पडती का काय, तेवढं बघा. न्हाय पडलीस. बेस झालं."

मग मला कळलं. शेळ्यांशिवायचे चुलतसासरे, टोपली रिकामी झाली तरी न हललेल्या चुलतसासूबाई. मामंजींनी आदल्या रात्री घरोघर जाऊन माणसं नेमली होती, मी पडले तर उचलायला. आणि मी अजून एकदाही आपसूक पडले नव्हते. पडले होते ती त्यांच्यापुढं उतरताना. मला उचलायला जे उभे होते, त्यांच्यामुळंच मी सायकलवर नव्हते! मला एवढा राग आला की ओढ्याच्या काठी मी सायकलीच्या चाकाला लाथ मारली. अनवाणी पायानं. ते आणखी एक शहाणपण.

चढण चढताना घामानं काष्टा पायाला चिकटला. झाडी विरळ व्हायला लागली आणि पलीकडून टोल ऐकू आले. शाळेत रुळाचा तुकडा टांगला होता, त्याच्यावर हातोडी मारायचे. प्रार्थनेचे टोल. मी पळत होते, सायकल ढकलत, एका हातात वहाणा. चालत निघाले असते तर केव्हाच पोचले असते, हे मला त्या चढणीवर सुचलं. बैलगाडीनं निघाले असते तर वाटेत झोपूनसुद्धा पोचले असते, हे त्याच्या मागोमाग सुचलं.

आता फक्त रुळालगतचा दगडी खांब उरला होता. त्याच्यावरून बसले तर उरलेली वाट सपाट होती.

खांबाला टेकून मामंजी उभे होते.

मी थांबले. वहाणा हातातच होत्या. पदर केव्हाच खांद्यावर घसरला होता. मामंजी म्हणाले, "पडलीस का?"

आणि लग्न होऊन दोन वर्षांत पहिल्यांदा मी दाराशी न बोलता थेट त्यांच्याशी बोलले. बोलले म्हणजे ओरडले.

"नाही पडले! कशाला पडेन? सगळ्यांच्यापुढं उतरते, ढकलते, परत उतरते, ढकलते! चढायला मला दगड लागतो, मामंजी! दगडाशिवाय मला चढता येत नाही, आणि तुम्ही दगडाला टेकून उभे आहात!"

मामंजींनी मागं वळून दगडाकडं बघितलं. मग माझ्याकडं. मला वाटलं, आता सायकल माळ्यावर, मी चुलीपुढं, आणि हा तमाशा गावभर.

ते दगडापासून बाजूला झाले.

"म्या माणसं हुबी केली," ते हळूच म्हणाले. "दगडं हुबी कराय पायजे व्हती."

मी सायकल खांबाला लावली. पण बसणार कशी? ते समोरच होते.

"काय झालं आता?"

"तुम्ही बघताय," मी म्हणाले. "तुमच्यासमोर कशी बसू?"

मामंजींनी क्षणभर विचार केला. मग ते चक्क वळले, माझ्याकडं पाठ केली आणि समोरच्या पळसाकडं तोंड करून उभे राहिले. हात मागं बांधून. जसं काही त्या पळसाच्या सालीवर काही वाचण्यासारखं आहे.

मी खांबावर चढले. दांडीवरून पाय टाकला.

"बसलीस का?" ते पळसाला म्हणाले.

"बसले."

"मंग हाण!"

आणि मी हाणली. त्या वाटेवर मी जशी सायकल हाणली तशी पुन्हा कधी हाणली नाही. पिशवीतली सीताफळं एकेक करून उडत होती. झाडी संपली, शेत लागलं, शाळेचं छप्पर दिसलं आणि समोरून, शाळेच्या वाटेनंच, माणसं परत येताना दिसली. पुढं पागोट्यातले बाप, मागं आया, त्यांच्या हाताला धरून पोरी. प्रार्थना संपली होती. बाई आली नव्हती. ते पोरी घेऊन निघाले होते.

हे माझं सासरचं गाव नव्हतं. इथं मला कुणापुढं उतरावं लागत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्या वेगानं उतरताही आलं नसतं. मी घंटी वाजवली. वाजवतच राहिले. बाप बाजूला झाले, आया ओरडल्या, आणि मी त्यांच्या मधून, केस सुटलेले, पदर उडालेला, सरळ शाळेच्या अंगणात शिरले. तिथं थांबायला जमलं नाही म्हणून अंगणाला एक फेरा मारला. दुसरा मारला. हेडमास्तर ध्वजाच्या खांबापाशी उभे होते, त्यांच्या भोवतीनं.

फेरे मारता मारता मला दिसलं की पोरी आईच्या हातून सुटून अंगणात पळत येतायत. एक आली, मग दुसरी, मग सगळ्या. सायकलीमागं पळायला लागल्या. त्यांच्यामागं त्यांच्या आया, पोरींना धरायला. आयांच्यामागं बाप. सगळे पुन्हा शाळेच्या आत.

मी शाळेच्या पायरीला सायकल लावून उतरले. एक बाप, धापा टाकत, हेडमास्तरांना म्हणाला, "ही बाई हाय?"

"हीच," हेडमास्तर म्हणाले.

त्यानं मला खालवर बघितलं. घाम, काटे, एका गालाला सीताफळाचा गर वाळलेला. "आमच्या पोरीला सायकल शिकवायची न्हाय," तो म्हणाला. "अक्षरं शिकवा."

"बरं," मी म्हणाले. पोर राहिली. बाकीच्याही राहिल्या.

संध्याकाळी परत निघाले. शाळेच्या पायरीवरून बसले खरी, पण पुढं तेच सगळे असतील, तीच उतरणी, तीच ढकलणी. रुळापाशी आले. कुणी नव्हतं. ओढ्याच्या उताराला लागले आणि लांबून गुरवकाका दिसले. मी कळवळून घंटी वाजवली, म्हणजे ते बाजूला तरी होतील.

घंटी ऐकल्याबरोबर काकांनी मला पाठ केली. ओढ्याकडं तोंड करून उभे राहिले. मी पाण्यातूनच सायकल काढली, चिंब झाले, पण उतरले नाही. पुढं थोरल्या चुलतसासूबाईंनी पाठ केली. पण त्यांना राहवलं नाही, मी जवळ आले तेव्हा त्यांनी टोपलीआडून एका डोळ्यानं बघितलं. "केवढ्यानं जाती गं बाई," हे मला पाठीमागं ऐकू आलं. चुलतसासरे तर डोळे मिटून उभे होते. पाठही केलेली आणि डोळेही मिटलेले, उगाच कसूर नको म्हणून.

मामंजींनी दिवसभरात ठरवून टाकलं होतं: सूनबाईची घंटी वाजली की पाठ फिरवायची. आपण बघितलंच नाही, तर ती आपल्यापुढं बसली असं कोण म्हणणार? रीत राहिली आणि सायकलही राहिली. पुढच्या आठवड्यात त्यांनी दोन गडी लावून वाटेवर जागोजाग मोठाले दगड लोटून ठेवले, माझ्या गुडघ्याच्या मापाचे. लोकांना वाटायचं, रानात कसल्या समाध्या आहेत. मी चढणं कधीच शिकले नाही. गरजच राहिली नाही.

बरीच वर्षं गेल्यावरची एक संध्याकाळ सांगते आणि थांबते. परतताना रानात चाक पंक्चर झालं. सगळी वाट ढकलत यावं लागलं, पाय दुखत होते, डोकं तापलं होतं. गावाच्या शिवेवर लांबून मामंजी दिसले. मला त्या वेळी काय सुचलं कोण जाणे. मी घंटी वाजवली.

मामंजी लगेच वळले आणि बाभळीकडं तोंड करून उभे राहिले, हात मागं बांधून. मी ढकलत ढकलत त्यांच्या मागं आले, शेजारच्या दगडावर बसले, पिशवीतून एक सीताफळ काढलं आणि सावकाश खायला लागले. बिया थुंकायला आता पाठ करायची गरज नव्हती. पाठ त्यांचीच होती.

बऱ्याच वेळानं बाभळीला उद्देशून आवाज आला, "गेलीस का गं?"

"नाही अजून," मी म्हणाले. "पंक्चर आहे."

"मंग वळू का?"

"थांबा जरा," मी म्हणाले. "एवढं खाऊ द्या."